घमेल्याकडून थापीकडे

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रेडिओ ऐकता ऐकता कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी नुकतीच कामावरून येऊन पाय पसरून बसली असेल. तुमचं चालू द्या. आम्हीही आज कामावरूनच आलोय, नखांत अजून सिमेंट आहे.

आम्ही लातूर-धाराशिवच्या शिवेवरच्या एका गावच्या बचत गटातल्या बाया. गटात अकराजणी, त्यातल्या आठजणी बांधकामावर जातो. आज बोलायला चौघी आलोय आणि पिशवीत एक वस्तू आणलीय. रेडिओवर ती दिसायची नाही, म्हणून आवाज ऐका. हा टण् आवाज आला ना, ती आमची थापी. काही भागात हिला करणी म्हणतात. गवंड्याच्या हातात असते ती. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

आमच्यातल्या बहुतेकींनी पंधरा-वीस वर्षं घमेलं वाहिलं. वाळू चाळायची, माल कालवायचा, विटा पोचवायच्या, पाणी मारायचं आणि संध्याकाळी गवंड्याची थापी धुऊन ठेवायची. म्हणजे थापी आमच्या हातात रोज यायची, पण धुण्यापुरती. भिंतीला ती लावायची म्हटलं की वरून आवाज यायचा, "ए बाई, माल आण."

यात एक गंमत आहे. भिंत लिंपायचं काम मुळात कुणाचं होतं? आपल्या आज्या-पणज्यांचं. माळवदाच्या घराला दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा हात कोण द्यायचं? मातीत गव्हाचा भुसा मिसळायचा, चार-आठ दिवस भिजत ठेवायची, रोज पायानं तुडवायची आणि मग तळहातानं भिंतीवर ओढायची. वर शेणाचं सारवण. भुसा का घालायचा, तर माती वाळताना आकसते, मग भिंतीला भेगा पडतात. भुसा तिला धरून ठेवतो. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या खाली जो मातीचा थर आहे, त्यातसुद्धा तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले आहेत. ही अक्कल आपल्या घरात होतीच, बायकांच्या हातात होती. त्या कामाला मजुरी नव्हती. मग सिमेंट आलं, थापी आली, मजुरी आली आणि लिंपायचं काम बाप्यांचं झालं. आपल्याकडे घमेलं राहिलं.

आम्ही थापी कशी धरली ते सांगतो. गावात एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. गुडघे गेल्यामुळे त्यांना परांचीवर चढवेना. आमच्यातल्या थोरल्या आत्याबाईंनी त्यांना विचारलं, "मामा, आम्हाला शिकवता का?" मामा हसले. म्हणाले, "बाईच्या मनगटात माल फेकायचा जोर नसतो." आत्याबाई म्हणाल्या, "सूप कोण पाखडतं मामा, तुम्ही का आम्ही?" मामा गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीपाशी येऊन बसले.

सिमेंट महाग, म्हणून पहिला महिनाभर आम्ही नुसत्या माती-वाळूच्या मालावर हात बसवला. मारायचा, काढायचा, परत कालवायचा, परत मारायचा. ज्यांना शिकायचंय त्यांनी असंच करावं. काही वाया जात नाही आणि चुकलं तरी कुणी ओरडत नाही.

आता हत्यारं समजून घेऊ. थापी टोकाकडे निमुळती असते. तिनं माल उचलायचा, फेकायचा, विटांच्या दरजा भरायच्या, कोपऱ्यात माल दाबायचा. दुसरा रंधा, लाकडाचा, मागे मूठ असलेला. पट्टीनं माल सारखा केला की रंधा गोल गोल फिरवायचा, म्हणजे खड्डे भरतात आणि अंगाला थोडा खरखरीतपणा राहतो. तिसरा गुरमाळा, पोलादी पातळ पत्र्याचा, लांबट चौकोनी. शेवटचा गुळगुळीत हात याचा. नीरू लावायची असली तर हाच. त्याशिवाय लांब सरळ पट्टी, ओळंबा, पाणसळ, काटकोन बघायला गुण्या आणि सूत.

दुकानात थापी घेताना आम्ही तीन गोष्टी बघतो. पत्रा आणि दांडा जिथं जोडलाय तिथं हलतंय का? मूठ आपल्या हाताच्या मापाची आहे का? बाप्याच्या पंज्यासाठी केलेली जाड मूठ आपल्या हाताला दिवसभरात दुखवते. गुरमाळा घेताना त्याची धार डोळ्यासमोर आडवी धरून उजेडाकडे बघायचं, वाकडी असली तर भिंतीवर लाटा येणार. आणि हत्यार घरी आणल्यावर आपल्या भांड्यांसारखंच जपायचं. काम संपलं की लगेच धुवायचं, पुसायचं, तेलाचा बोळा फिरवायचा. माल वाळून चिकटला की तो खरवडताना पत्रा खराब होतो.

आता गिलावा. गिलाव्याचं निम्मं काम थापी भिंतीला लागण्याआधी होतं. विटांच्या दरजा ओल्या असतानाच अर्धा इंचभर खोल खरवडून ठेवायच्या, म्हणजे मालाला धरायला जागा मिळते. काँक्रीटचा खांब गुळगुळीत असतो, त्याला छिन्नीनं टोचे मारायचे. खांब आणि विटांची भिंत जिथं मिळते तिथं कोंबडीजाळी ठोकायची, नाहीतर त्या रेषेवर हमखास भेग येते. भिंत झाडून धूळ काढायची आणि पाणी मारायचं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि पाणी गेलं की सिमेंट नीट घट्ट होत नाही. पण भिंत थबथबलेलीही नको, माल घसरतो. ओली पण वरून पाणी न दिसणारी, अशी हवी.

माल कालवताना आतल्या भिंतीला एकास चार ते एकास सहा चालतं. प्रमाण एकाच घमेल्यानं मोजायचं. सिमेंटचं घमेलं काठोकाठ आणि वाळूचं शीग लावून, असं केलं तर एकास चारचं कधी एकास सहा होतं ते कळतही नाही. आधी कोरडंच रंग एकसारखा होईपर्यंत खालीवर करायचं, मग पाणी. आणि जेवढा अर्ध्या-पाऊण तासात संपेल तेवढाच कालवायचा.

मग भिंतीवर सहा-सहा फुटांवर मालाचे छोटे चौकोन लावायचे आणि ओळंब्यानं ते एका पातळीत आणायचे. ही आपली खूण. त्या खुणांच्या मधे माल भरायचा. थापीवर माल घ्यायचा, कोपर अंगाजवळ ठेवायचं आणि मनगट झटकायचं. आत्याबाई मामांना म्हणाल्या ते खरं निघालं. सूप पाखडताना आपण दंडाचा जोर लावतो का? मनगटाचा झटका असतो. तसंच हे. फेकलेला माल दरजेत घुसतो, नुसता सारवलेला वरवर बसतो. आतून अर्धा इंच जाडी पुरते. बाहेरच्या भिंतीला दोन थरांत मिळून पाऊण इंच, पहिला थर खरवडून ठेवायचा म्हणजे दुसरा त्याला धरतो. पट्टी खालून वर ओढायची, डावी-उजवी हलवत. मग रंधा. थोडं आवळलं की गुरमाळा.

गुरमाळ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुळगुळीत दिसतंय म्हणून फिरवतच राहायचं नाही. जास्त फिरवला की पाण्याबरोबर सिमेंट वर येतं, वरची साय आकसते आणि महिनाभरात भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवायची सवय तर त्याहून वाईट.

हे आम्ही शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो चुकून. आमचं पहिलं पैशाचं काम गल्लीतल्या एका काकूंच्या स्वयंपाकघराची बाहेरची भिंत. मे महिना, भिंत तव्यासारखी तापलेली. आम्ही हातात थापी आल्याच्या आनंदात. पाणी घाईघाईनं मारलं, दरजा खरवडल्याच नाहीत. जेवायला बसलो तोवर राहिलेला माल आवळला, त्यात परत पाणी घालून तोच मारला. भिंत दिसायला आरशासारखी झाली. चौघींनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढला.

आठ दिवसांनी मामा आले. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत ठोकत नेली. कुठं टक्क आवाज यायचा, कुठं बद्द. बद्द आवाजाच्या ठिकाणी मामांनी थापीचं टोक घातलं आणि परातीएवढा पोपडा खाली आला. काकू काही बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. गावातले बाप्ये मात्र बोलले. कुणी म्हणालं, सांगितलं होतं ना. त्या रात्री आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, आपलं घमेलंच बरं.

आत्याबाईंनी हिशेब मांडला. एकास चारच्या मालात शंभर चौरस फुटाला साधारण एक गोणी सिमेंट लागतं. भिंत दीडशे फुटांची, म्हणजे दीड गोणी आणि वाळू. गटाच्या पैशातून ते घेतलं, सगळा गिलावा खरवडला आणि पहाटे पाचला सुरू करून ऊन चढायच्या आत भिंत परत केली. वर ओलं बारदान टांगलं आणि सात दिवस पाळी लावून पाणी मारलं. ती भिंत आजही ठोकून बघा, टक्क वाजते. काकूंनी त्यानंतर सांगून सांगून आम्हाला तीन कामं मिळवून दिली. चूक झाली की ती आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायची, हे आम्ही तेव्हा ठरवलं आणि तेच आमच्या कामाला आलं.

आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या या भागात काय झालं ते सांगायला नको. आमच्यातल्या तिघी तेव्हा लहान होत्या, एकीचं आजोळ त्यात गेलं. जाड दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, वर मणामणाच्या मातीची माळवदं. बाहेरून त्याही भिंती लिंपलेल्या, नेटक्या दिसायच्या. म्हणून आम्ही एक नेम केलाय. कुणी म्हणालं, "ताई, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, जरा माल मारून बुजवून द्या," तर लगेच बुजवत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करतो, तारीख लिहितो. दोन-तीन महिन्यांत भेग खुणेच्या पुढं गेली, किंवा तिच्यात बोट जाऊ लागलं, तर ते काम आमचं नाही, इंजिनिअरला दाखवा असं सांगतो. गिलावा पावसापासून भिंत राखतो. पडायला आलेली भिंत तो धरून ठेवत नाही. काम हातचं जातं कधी कधी. जाऊ दे.

आता अंगाचं बोलू. सिमेंट हात खातं हे आपल्याला माहीत आहे, पण आपण ते नशिबाचं समजतो. ओल्या सिमेंटमध्ये चुन्यासारखा दाहकपणा असतो, तो कातडी कोरडी करून फोडतो. रबरी हातमोजे घाला. नसतील तर आधी तेल लावा, मधे मधे स्वच्छ पाण्यानं हात धुवा आणि मालाच्या बादलीतलं पाणी हात धुवायला वापरू नका. डोळ्यात शिंतोडा गेला तर चोळायचं नाही, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. साडीवर बाप्याचा शर्ट आपण सगळ्याच घालतो, परांचीवर चढताना पदर आणि निऱ्याही खोचून घट्ट करा. आणि परांचीची फळी बांधलेली आहे का, ते स्वतः हलवून बघितल्याशिवाय पाय ठेवू नका. "हो हो, बांधलीय" यावर जाऊ नका.

आता पैसे. खरी लढाई इथं झाली. शेजारच्या गावात एका ठेकेदाराकडे आम्ही चौघी गिलाव्याला लागलो. शनिवारी हजेरी वाटताना बाप्या गवंड्यांना गवंड्याचा दर मिळाला आणि आमच्या हातावर बिगारीचा. निम्म्याहून थोडा जास्त. विचारलं तर म्हणाला, "थापी धरली म्हणून काय झालं, बाया त्या बायाच." समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ सालीच झाला होता. आम्ही तो सांगितला. तो हसला.

घरी आलो, बसलो, विचार केला. भांडून एका दिवसाची मजुरी मिळेल, पण सोमवारी काम राहणार नाही. चुली तर रोजच पेटवायच्यात. मग धाकटीनं डोकं चालवलं. ती दहावी झालीय. ती म्हणाली, "रोजावर कामच करायचं नाही. ब्रासवर करायचं." गिलाव्यात शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. ब्रासचा दर ठरलेला असतो, आणि ब्रासला बाई-बाप्या नसतो. भिंत मोजली की झालं.

त्यासाठी मोजता यायला हवं, म्हणून आम्ही मोजायला शिकलो. तुम्हीही शिका, सोपं आहे. खोली दहा बाय बारा फूट, उंची दहा फूट. चारी भिंतींची लांबी मिळवायची. दहा आणि बारा बावीस, दुप्पट चव्वेचाळीस. गुणिले उंची दहा, झाले ४४० चौरस फूट. दार तीन बाय सात, म्हणजे २१. खिडकी चार बाय चार, म्हणजे १६. दोन्ही मिळून ३७ वजा केले, राहिले ४०३. म्हणजे चार ब्रास आणि वर थोडं. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, खिडकीच्या आतल्या कडांचे पैसे वेगळे धरायचे का, माल कालवायला बिगारी कोण देणार, हे सगळं काम सुरू करायच्या आधी बोलायचं आणि वहीत लिहायचं. शक्य असेल तर मालकाची सही घ्यायची.

सोमवारी आम्ही ठेकेदाराला म्हणालो, "दादा, ब्रासवर देता का? इतरांना जो दर तोच आम्हाला. भिंत ठोकून बघा आणि मग पैसे द्या." तो दोन दिवस टाळत होता. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन गवंडी आले नाहीत आणि स्लॅबखालचं काम अडलं. त्यानं हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात आमचा हात बाप्यांपेक्षा मंद होता, पैसे कमीच सुटले. पण जे मिळाले ते कामाचे मिळाले. आज आमचा वेगही बसलाय. एक मात्र पाळतो. ब्रासवर काम असलं की घाई होते, दरजा खरवडायचा कंटाळा येतो. तेव्हा एक दुसरीला आठवण करून देते, "काकूंची भिंत."

जाता जाता सरकारी कामाचं. आपल्या राज्यात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, एवढी मुख्य अट. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यावा लागतो. नोंदणी झाली की मुलांचं शिक्षण, बाळंतपण, आजारपण यासाठी मदतीच्या योजना आहेत. म्हणून रोज कुठं काम केलं ते वहीत लिहा, लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. आणि दाखल्यावर कामाचं स्वरूप लिहितात तिथं बघा. आमच्यातल्या एकीच्या कागदावर सवयीनं 'बिगारी' लिहिलं होतं. ती परत गेली आणि 'गवंडी' लिहून आणलं. दोन खेपा झाल्या, एका दिवसाचा रोज बुडाला. तरी ती गेली.

हे आमच्याच गावात घडतंय असं नाही. झारखंडमध्ये खेड्यातल्या बाया गवंडीकाम शिकल्या, त्यांनी हजारो शौचालयं बांधली. तिकडं त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात. केरळातही बायका कितीतरी वर्षांपासून गवंडीकाम करतात. आपणच मागं का राहावं?

आमच्या मामांचं सांगून थांबतो. परवा ते आत्याबाईंच्या नव्या पडवीत आले. नेहमीप्रमाणे थापी मागितली आणि भिंत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आम्ही श्वास रोखून उभ्या. थापी परत देताना म्हणाले, "कोपऱ्यात जरा ओळंबा चुकलाय. बाकी बरंय." मामांच्या तोंडून 'बरंय' म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. चहा झाल्यावर कोपरा परत बघितला. खरंच एक सूत चुकला होता. खरवडून नीट केला.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर दर रविवारी दुपारी गोठ्याच्या भिंतीपाशी आम्ही असतो. रेडिओ केंद्रात विचारा, ते पत्ता सांगतील. येताना एक जुना शर्ट आणा. थापी आमच्याकडे आहे.